पाकीट ज्याच्या नावावर येतं

इंग्लंडात एका मोटारीला तीन माणसं लागतात. पहिला मालक, म्हणजे ज्याने तिचे पैसे मोजले तो. दुसरा ‘रजिस्टर्ड कीपर’, म्हणजे सरकारी नोंदीत तिच्यासमोर ज्याचं नाव लागलंय तो. आणि तिसरा, त्या घटकेला जो ती चालवत असेल तो. बहुतेक घरांत ही तिन्ही माणसं एकच असतात, त्यामुळे आपण तिघं आहोत याचा त्यांना जन्मभर पत्ता लागत नाही. आमच्या घरी तशी सोय नाही. गाडीचे पैसे सौ.च्या खात्यातून गेले, चालवायला चिरंजीव सदैव तयार, आणि कागद तेवढा माझ्या नावावर.

हा कागद वेल्समधल्या स्वान्झी गावाहून येतो. तिथे डीव्हीएलए नावाचं सरकारी खातं आहे आणि ब्रिटनमधल्या गाड्यांची कुंडली त्याच्या दप्तरात आहे. कागदाचं नाव व्ही-५-सी. त्यावर स्पष्ट छापलेलं असतं, की हा मालकीचा पुरावा नव्हे. परदेशात आलेल्या माणसाला अशा वाक्याने धक्का बसावा. मला उलट एकदम घरच्यासारखं वाटलं. आपला सात-बारा तरी दुसरं काय सांगतो? सातबाऱ्यावर नाव चढावं म्हणून सख्खे भाऊ तलाठ्याच्या दारात एकमेकांकडे पाठ करून बसतात, आणि एवढं करून कोर्ट सांगतं की महसुली नोंद ही सारा कोणाकडून घ्यायचा हे कळण्यासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. स्वान्झीची माणसं त्याच विचाराची. फरक एवढाच, की त्यांनी ते कागदावरच छापून टाकलं. आपल्याकडे ते उमगेपर्यंत दोन पिढ्या आणि चार वकील जातात.

गंमत म्हणजे मोटारीच्या बाबतीत आपला देश नेमका उलटा वागतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, अशी सरळ व्याख्याच आहे. गाडी विकली, किल्ली दिली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईपुरते तुम्हीच मालक, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली सांगून टाकलं. त्यामुळे पुण्यात कधीकाळी विकलेल्या स्कूटरचं ई-चलन अजून आपल्याच मोबाइलवर येऊन किणकिणतं. थोडक्यात, भारतात कागद तुम्हाला मालक करतो. इंग्लंडात तो आधी सांगतो की तुम्ही मालक नाही, आणि मग मागाहून पाकिटं पाठवतो.

तर अशा एका पाकिटाची ही हकिकत.

आमच्या भागात एक मोठं रिटेल पार्क आहे. म्हणजे मैदानाएवढी गाडीतळाची जागा आणि तिच्या कडेने दुकानं. तीन तास गाडी फुकट लावा, त्यापुढे शंभर पौंड, चौदा दिवसांत भरलेत तर साठ, असा तिथल्या फलकाचा मथितार्थ. तिथे पावती फाडणारा कोणी नाही, दोरी सोडणारा नाही, ‘ओ शेठ, जरा पुढे घ्या’ म्हणणारा नाही. खांबावर कॅमेरा आहे. तो आत जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपतो, बाहेर जाणाऱ्या गाडीचा टिपतो, आणि वजाबाकी करतो. पत्रात दोन फोटो होते. एकात सकाळच्या उन्हात आमची गाडी आत शिरतेय, दुसऱ्यात संध्याकाळी बाहेर पडतेय. मधले जवळपास नऊ तास ती तिथे उभी होती, असं कंपनीचं म्हणणं.

मी स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने विचारलं, “त्या रविवारी गाडी कोणी नेली होती?”

या प्रश्नाला मराठी घरात एकच उत्तर येतं, आणि तेच आलं, तिन्ही दिशांनी: “का? काय झालं?”

घरात तेव्हा तिसरी दिशाही होती, कारण नाशिकहून मेहुणे आले होते. त्यांनी हौसेने महिन्याभराचा गाडीचा विमा काढायला लावला होता आणि त्या विम्याच्या बळावर आम्हाला एकदा देवळात नेऊन आणलं होतं. पत्र ऐकताच ते म्हणाले, “मी तर बुवा डावीकडच्या सीटवरच असतो.” हे विधान खोटं नव्हतं, पण त्यांच्या त्या महिन्यातल्या एकंदर वागण्याशी ते जुळत नव्हतं.

हळूहळू चित्र स्पष्ट झालं. त्या रविवारी आमच्या मंडळाच्या मराठी शाळेची आषाढीची दिंडी होती. सौ. सकाळी केळी आणि कागदी बशा घ्यायला रिटेल पार्कात गेली, पंधरा-वीस मिनिटांत निघून हॉलवर पोचली, आणि दिवसभर गाडी हॉलच्या आवारात होती. संध्याकाळी ती घरी परतल्यावर चिरंजीव गाडी घेऊन त्याच रिटेल पार्कातल्या जिमला गेले आणि तासाभराने परत आले. कॅमेऱ्याने सकाळची आई पाहिली आणि संध्याकाळचा मुलगा पाहिला. आई बाहेर पडताना बहुधा मागची गाडी तिच्या पाठीला चिकटून होती, मुलगा आत शिरताना कदाचित पुढे एखादी व्हॅन होती. काहीही असो, मधल्या दोन खेपा यंत्राच्या नजरेतून निसटल्या. या प्रकाराला इथे नावही आहे, कारण तो नवीन नाही. दिवसातली पहिली आत आणि शेवटची बाहेर एवढंच धरून वजाबाकी केली, की माणूस दूध आणायला दोनदा गेला तर तो दुकानात मुक्कामाला राहिला असं निघतं.

आता प्रश्न असा, की त्या नऊ तासांचा चालक कोण? आई नव्हे, ती गेली होती. मुलगा नव्हे, तो यायचा होता. गाडी तर तिथे नव्हतीच. नसलेल्या गाडीच्या नसलेल्या चालकाने जो करार मोडला, त्याबद्दल विचारणा झाली ती मला, म्हणजे दिवसभर दिंडीत टाळ कुटणाऱ्या माणसाला.

करार हा शब्द मी उगीच वापरला नाही. खासगी जागेतला हा आकार म्हणजे दंड नव्हे. रस्त्यावर नगरपालिका जी पावती लावते तिच्यामागे कायद्याचा दंडुका असतो. खासगी कंपनीच्या हातात तसा दंडुका नाही. तिचं म्हणणं एवढंच असतं: आम्ही खांबावर फलक लावला, तुम्ही तो वाचून, किंवा वाचायला हवा होता असं धरून, गाडी लावलीत, म्हणजे अटी मान्य केल्यात. हा करार झाला जागा सांभाळणारी कंपनी आणि चालक यांच्यात. कीपरचा त्यात संबंध काय? काहीच नाही. लग्न दुसऱ्यांचं आणि आहेर मात्र आपल्याकडून, हे आपल्याला सवयीचं असलं तरी करारकायद्यात बसत नाही.

म्हणूनच २०१२ पर्यंत कंपन्यांची मोठी अडचण होती. पत्र पाठवायचं तर कीपरला, कारण नाव त्याचंच मिळतं. तो शांतपणे कळवायचा, की गाडी मी लावली नव्हती. कोणी लावली ते शोधा. आणि शोधणार कसं? यावर त्या काळी एक रामबाण उपाय होता: चाकाला लोखंडी जबडा. गाडी जिथल्या तिथे जखडायची आणि चालक आपणहून परत येईपर्यंत वाट बघायची. मग कोण चालवत होतं हा प्रश्नच उरायचा नाही. जो समोर उभा राहून आरडाओरडा करतोय तोच चालक. जबडा काढायला शेकडो पौंड मागणारी माणसं त्या वेळी खूप होती आणि त्यांच्याशी वाद घालणं हे प्रकृतीला बरं नसे. स्कॉटलंडने हा प्रकार १९९२ सालीच मोडीत काढला होता. तिथल्या न्यायालयाने म्हटलं, दुसऱ्याची गाडी अशी अडकवणं ही चोरी आहे आणि सोडण्यासाठी पैसे मागणं ही खंडणी. इंग्लंड आणि वेल्सला तिथवर यायला आणखी वीस वर्षं लागली.

आले तेव्हा मात्र सौदा करून आले. २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’ने, म्हणजे नागरिकांची स्वातंत्र्यं जपण्याच्या कायद्याने, खासगी जागेतला जबडा बंद केला, आणि त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात कंपन्यांना एक सवलत दिली: चालकाचं नाव-पत्ता कळला नाही तर पैसे कीपरकडून मागा. ज्या कायद्यात पोलिसांनी कोणाचे डीएनए किती काळ ठेवावेत आणि सरकारने नागरिकांवर पाळत किती ठेवावी असे भारदस्त विषय आहेत, त्याच कायद्याच्या शेपटाला गाडीतळाचे पैसे बांधलेले आहेत. मला हे शेपूट आवडतं. स्वातंत्र्याची चर्चा करणाऱ्या सभेत शेवटी ‘सतरंज्या कोण उचलणार’ हाही विषय निघतो, तसं ते आहे.

हे सगळं मला सांगितलं ते आमच्या मंडळातल्या एका स्नेह्यांनी. ते निवृत्त हिशेबनीस. मंडळाच्या गणपतीचा जमाखर्च ते पेनीपर्यंत जुळवतात आणि न जुळलेल्या पेनीसाठी रात्री साडेदहाला फोन करतात. निवृत्तीनंतर त्यांनी हे चौथं परिशिष्ट भक्तिभावाने वाचलंय. कोणी ज्ञानेश्वरीचं पारायण करावं इतक्या वेळा. स्वतः ते गाडी चालवत नाहीत. त्यामुळे त्यांना असं पत्र कधी येत नाही आणि ही खंत त्यांच्या बोलण्यातून डोकावते. आमचं पत्र आल्याचं कळताच ते बसने, दोन गाड्या बदलून, घरी हजर झाले.

आल्या आल्या पहिला प्रश्न, “कोणाला काही बोललात का?”

“कोणाला म्हणजे?”

“कंपनीला. चालक कोण ते सांगितलंत?”

“नाही अजून.”

“सांगूही नका.” त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. “हे बघा, तुम्हाला सांगायला पाहिजे असा कायदा नाही.”

आणि खरोखरच नाही. पोलिसांनी विचारलं तर गोष्ट वेगळी. वेगाची मर्यादा ओलांडली, सिग्नल तोडला, तर १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या १७२ व्या कलमाने कीपरला चालकाचं नाव सांगावंच लागतं. न सांगणं हाच गुन्हा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमात जवळपास हेच मालकाला सांगितलंय, आणि योगायोगाने तोही कायदा १९८८ चाच. पण खासगी कंपनी म्हणजे पोलीस नव्हे. ती विचारू शकते. तुम्ही गप्प बसू शकता. गप्प बसण्याचा परिणाम एवढाच, की कायद्याच्या सगळ्या अटी तिने पाळल्या असतील तर पैशाची जबाबदारी तुमच्यावर येते. नाव सांगितलंत तर ती चालकावर जाते. म्हणजे चुगली करा किंवा स्वतः निस्तरा, असे दोन मार्ग कायद्याने खुले ठेवलेत. माझ्या मते हा कायद्याचा मोठेपणा आहे. घरातल्या माणसाचं नाव परक्याला सांगायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क साठ पौंडांत मिळत असेल तर तो महाग नाही.

“पण,” स्नेही म्हणाले, “नाव सांगायचंच असेल तर तुमच्या मेहुण्यांचं सांगता आलं असतं, त्यांनी चालवली असती तर.”

मेहुण्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

“कायद्यात चालकाचा पत्ता म्हणजे तो जिथे राहतो किंवा जिथे त्याच्याशी सोयीने संपर्क होऊ शकतो तो. इंग्लंडातलाच हवा असं त्यात मला कुठे दिसलं नाही. नाशिकचा पत्ता दिला तर कंपनी काय करते, हे मला फार दिवसांपासून बघायचंय.”

मेहुण्यांचा पत्ता जुन्या वडापासून सुरू होतो, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे वळतो आणि ‘दूधवाल्याला विचारा’ इथे संपतो. त्यांच्याशी सोयीने संपर्क होतो असं त्यांची सख्खी बहीणही म्हणणार नाही. ते फोन उचलतात तो चुकून. पण सौ. संतापली. “दादाने त्या दिवशी गाडीला हात लावलेला नाही. त्याचं नाव खोटं लावायचं?” स्नेही दुखावले. “वहिनी, खोटं मी पेनीचंही करत नाही. मी ‘असती तर’ म्हणालो.” आणि हे खरं होतं. ते अस्सल पारायणी. ग्रंथाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. चालक गाडीसकट चोरीला गेला असता तरी, ते म्हणाले, तुम्ही सुटला असता, कारण गाडी चोरीची असेल तर कीपरवर जबाबदारी येत नाही. पण ती चोरीची नव्हती असंच कायदा धरून चालतो. सिद्ध तुम्ही करायचं. म्हणजे चोराने नेली तर सुटका आहे आणि मुलाने नेली तर नाही. तरुण मुलगा असलेल्या कुठल्याही घराला यातला फरक पटकन दाखवता येणार नाही.

मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय मागवलं.

चौथ्या परिशिष्टाचा प्राण तारखांत आहे. काचेवर चिठ्ठी न लावता नुसत्या कॅमेऱ्यावर विसंबून कीपरला धरायचं असेल, तर गाडी उभी असल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांत पत्र पोचलं पाहिजे. टाकलं नव्हे, पोचलं. आणि पोचलं कधी धरायचं? टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी. शनिवार, रविवार, सार्वजनिक सुट्टी वगळून. एक दिवस चुकला की चालक कोण हे कंपनीला ठाऊक असल्याशिवाय कोणाकडूनच पैसे मागता येत नाहीत, कीपर मोकळा. काचेवर आधी चिठ्ठी लावली असेल तर हिशेब निराळा, अठ्ठावीस दिवस थांबायचं आणि पुढच्या अठ्ठावीस दिवसांत पत्र. कंपन्या कधी घाईने पत्र पाठवतात, कधी आळसाने, आणि मधे स्नेह्यांसारखी माणसं कालनिर्णय घेऊन बसलेली असतात.

दिंडी रविवारची. सोमवार पहिला दिवस. चौदावा दिवस पुढच्याच्या पुढच्या रविवारी. पत्रावरची तारीख बुधवारची, म्हणजे पोचलं शुक्रवारी असं धरायचं. मुदतीच्या आत. स्नेह्यांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा मोजलं. बोट चतुर्थीवरून एकादशीवर, एकादशीवरून सुट्टीच्या लाल आकड्यावर गेलं. पण लाल आकडा भारतातला निघाला आणि इंग्रजी कोर्ट तो मानणार नव्हतं. “एक दिवस,” ते म्हणाले, “फक्त एक दिवस उशिरा टाकलं असतं ना, तर शनिवार-रविवार आडवे आले असते आणि सोमवार उजाडला असता. पंधरावा!” कंपनीच्या टपालखात्यातल्या त्या अनामिक कार्यक्षम माणसाबद्दल त्यांच्या मनात राग होता, पण थोडा आदरही होता.

तारीख विरोधात गेल्यामुळे आम्हाला नाइलाजाने खऱ्यावर यावं लागलं.

पत्राचा मसुदा त्यांनीच केला. त्याची शैली मी विसरणार नाही. त्यात ‘मी’ नव्हता, ‘माझी बायको’ नव्हती, ‘मुलगा’ तर नव्हताच. ‘वाहनाने आवारात प्रवेश केला.’ ‘वाहनाने आवार सोडलं.’ ‘सायंकाळी वाहन पुन्हा आलं.’ चालकाचा उल्लेख करायचाच झाला तर ‘चालक’, एकवचनी, लिंगरहित, निर्गुण निराकार. ‘मी गाडी लावली होती’ एवढे चार शब्द लिहिले की कीपर आणि चालक एक झाले, आणि मग तारखांचा, पत्रांचा, परिशिष्टाचा सगळा आडोसा गेला. आपल्या घरात दूध उतू जातं, बशी फुटते, गॅस चालू राहतो. कोणी काही करत नाही. त्यामुळे ही शैली आमच्या लगेच अंगवळणी पडली. चिरंजीवांनी तर ती इतकी उचलली की पुढे आठवडाभर ‘फ्रिजमधला केक कोणी संपवला’ याला ‘केक संपलेला आढळतो’ असं उत्तर मिळत होतं.

पण कंपन्याही काही कमी नसतात. कीपरने मौन धरलं तर ‘कीपरच बहुधा चालक होता’ असं कोर्टाने समजावं, असा युक्तिवाद त्या करतात आणि १९८२ चा एक खटला पुढे ठेवतात. तो फौजदारी खटला. धडक देऊन गेलेल्या गाडीचा मालकच ती चालवत होता, हे न्यायालयाने त्यात मान्य केलं. स्नेह्यांच्या मते त्यात मालकाविरुद्ध इतर भरपूर पुरावा होता, आणि जर कीपर हाच चालक असं आपोआप धरायचं असतं तर संसदेने २०१२ साली एवढं परिशिष्ट लिहिण्याचे कष्ट कशाला घेतले असते? हा मुद्दा त्यांनी मला इतक्या जोशात ऐकवला की कंपनी मीच आहे असा मला क्षणभर भास झाला.

मी त्यांना विचारलं, की इतकं भांडण्यापेक्षा शंभर पौंड ही रक्कमच अवाजवी आहे असं नाही का म्हणता येणार? त्यावर त्यांनी मान हलवली आणि चेम्सफर्डची गोष्ट सांगितली. ही गोष्ट इथल्या गाडीतळांचं महाभारत आहे. बॅरी बेव्हिस नावाचे गृहस्थ, व्यवसाय मासे-बटाटे तळून विकण्याचा. १५ एप्रिल २०१३ रोजी त्यांनी चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कात गाडी लावली. मुभा दोन तासांची. ते छप्पन्न मिनिटं जास्त थांबले. पार्किंगआय कंपनीने पंच्याऐंशी पौंड मागितले, लवकर भरल्यास पन्नास. बेव्हिस म्हणाले, तुमचं नुकसान काय झालं ते दाखवा. जागा फुकटच होती, मग पंच्याऐंशी कशाचे? हा प्रश्न घेऊन ते खालच्या कोर्टातून वर, तिथून आणखी वर, असे थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. तिथे सात न्यायाधीशांसमोर त्यांचे पंच्याऐंशी पौंड कोट्यवधी डॉलर्सच्या एका व्यापारी वादाच्या शेजारी बसून ऐकले गेले. ४ नोव्हेंबर २०१५ ला निकाल लागला. सहा विरुद्ध एक. कंपनी जिंकली.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की नुकसान मोजायचं नाही. गाड्या हलत राहाव्यात, दुकानांना गिऱ्हाईक मिळावं, यात कंपनीचं रास्त हित आहे, फलक वीसेक होते आणि ठळक होते, रक्कम अवाच्या सवा नाही. शिवाय तीच कंपनी जागामालकाला उलट आठवड्याला हजार पौंड देत होती. म्हणजे लोक वेळेवर निघून गेले असते तर तिचं दिवाळं वाजलं असतं. तिचा सगळा धंदा उशीर करणाऱ्यांवर. हे न्यायाधीशांना खटकलं नाही. एकट्या लॉर्ड टूलसन यांना खटकलं. त्यांचं मत पडलं, की या अटीत माणसाच्या अडीअडचणीला, थोड्याशा सवलतीला जागाच ठेवलेली नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण एका मताने गाडी सुटत नाही. आणि बेव्हिस प्रकरणाने रक्कम किती हे ठरवलं. ती कोणी द्यायची हा प्रश्न तिथे नव्हताच, कारण बेव्हिस गाडीचे मालकही होते आणि चालकही. तिघांची कामं एकटा करणारा माणूस. त्यांच्या घरी कोणी मेहुणे राहायला आलेले नसावेत.

आमच्याकडे पुरावा मात्र भक्कम निघाला. दिंडीचा एक फोटो होता. पुढे कागदी मुकुट घातलेला विठोबा, कमरेवर हात. शेजारी रुसलेली रखुमाई. मागे टाळ घेतलेली पोरं, आणि त्यांच्या मागे, मंडळाच्या हॉलच्या भिंतीला लागून, आमची गाडी, नंबराच्या पाटीसकट. फोटो दुपारी काढल्याची नोंद फोनमध्ये होती. हॉलच्या व्यवस्थापकांची चिठ्ठी जोडली, संध्याकाळची जिमची हजेरी जोडली, आणि विठ्ठलाला साक्षीला उभं करून पाठवून दिलं.

कंपनीने अर्ज फेटाळला. उत्तर साच्यातलं होतं. फलक ठळक होते वगैरे, फोटोबद्दल एक अक्षर नाही. ते वाचताना स्नेह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. कारण आता पुढची पायरी: पॉपला, म्हणजे खासगी जागेतल्या पार्किंगचं अपील ऐकणारी यंत्रणा. गाडीवाल्याला अपील फुकट, खर्च कंपनीकडून. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत आणि पॉपला त्यांतल्या एकीच्या सभासदांपुरती; जी कंपनी दुसऱ्या संघटनेची सभासद असते तिच्यासाठी अपिलाची वेगळी खिडकी. दोन संघटनांनी दोन नियमावल्या चालवल्या, सरकारने २०१९ साली एकच नियमावली आणण्याचा कायदा केला, २०२२ च्या फेब्रुवारीत ती प्रसिद्ध केली आणि कंपन्या कोर्टात गेल्यावर जूनमध्ये मागे घेतली. शेवटी २०२४ मध्ये दोन्ही संघटनांनी मिळून आपली आपणच एक लिहिली. ज्याच्यावर लगाम घालायचा त्यालाच लगाम वळायला दिला. तो बरा सैल असणार, एवढं कळायला परिशिष्ट वाचायची गरज नाही.

मधल्या काळात सौ. म्हणाली, “भरून टाका की साठ पौंड. रोज त्यांना जेवायला घालतोय आपण.” हा हिशेब चोख होता. स्नेही येत तेव्हा थालीपीठ लागे, आणि थालीपिठानंतर ते आणखी एक कलम समजावून सांगत. इथली बरीच माणसं साठ पौंड भरतात ती अशीच, चूक कबूल म्हणून नव्हे, तर घरातली शांतता विकत घेण्यासाठी. आणि कंपनीचा धंदा त्यावरही चालतो. न भरणाऱ्यांना मग लाल अक्षरांत वसुलीवाल्यांची पत्रं येतात, रकमेत आणखी सत्तर पौंड चढलेले असतात. ही मंडळी बेलिफ नव्हेत, दारात येऊन टीव्ही उचलून नेण्याचा अधिकार त्यांना नाही. पण पत्राचा सूर असा, की माणूस टीव्हीकडे एकदा बघून घेतो. खरा धोका निराळाच. घर बदललं आणि स्वान्झीला कळवलं नाही, तर सगळी पत्रं जुन्या दारात पडत राहतात, कोर्टाचा समन्सही तिथेच पडतो, एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो कळतो घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर. कागदावर नाव असणाऱ्याने पत्ता बदलायला विसरू नये, हे सातबाऱ्यालाही लागू आहे, पण तिथे निदान गावकरी निरोप देतात.

आमचा पत्ता बरोबर होता. पॉपलाकडे अपील गेलं आणि थोड्याच दिवसांत कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. सद्भावना म्हणून आकार रद्द करण्यात येत आहे. चूक झाली असं त्यात कुठे नव्हतं. विठ्ठलाचा उल्लेख नव्हता. आकार रद्द झालेला आढळला, एवढंच. त्यांनाही ती शैली येते.

मी आनंदाने स्नेह्यांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “म्हणजे पॉपलाचा निर्णय नाहीच?”

“नाही. माघारच घेतली ना.”

“आणि चालक कोण, कीपर कोण, यावर कोणीच काही बोललं नाही?”

“कोणीच नाही.”

ते सुस्कारले. मंडळाच्या जमाखर्चाची वही मिटल्याचा आवाज आला. “बरं,” ते म्हणाले, “तुमचे मेहुणे पुढच्या उन्हाळ्यात येतायत का? या खेपेला विमा महिन्याचा नको, दोन महिन्यांचा काढा. आणि त्यांचा नाशिकचा पत्ता आत्ताच पिनकोडसकट लिहून घ्या.”